विचारायचं राहिलेलं घर

बिडकीनजवळच्या एका गावात मी आशा कार्यकर्ती आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट माझ्या घरची आहे आणि मला अजून त्याच गावात राहायचं आहे. माझं नाव चतुरा. बाळंतिणीला वेळेत गाडीत बसवणं, लसीच्या दिवशी कडब्यात लपलेली पोरं ओढून काढणं, कुणाच्या पिऊन आलेल्या नवऱ्याला दारातूनच परतवून लावणं, ही सगळी कामं मी तोंडाच्या जोरावर करते. सरपंचसुद्धा माझ्याशी बोलताना आधी घसा खाकरतो. एकच माणूस असा होता, ज्याच्याशी मी एकोणीस वर्षांत एक शब्द सरळ बोलले नव्हते, आणि तो माझ्याच घरात राहत होता.

ते माझे मोठे दीर, बद्रीनाथ. सगळे त्यांना नाना म्हणतात. आमच्या घराण्यात धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिरासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्यासमोर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. गावातल्या बऱ्याच घरांतून हे आता सुटलंय. आमच्यात सुटलं नाही, कारण आधी कुणी सोडायचं हेच ठरलं नाही. जाऊबाई होत्या तोवर अडचणही नव्हती. मी भागूबाईंना सांगायची, त्या नानांना सांगायच्या. नाना तिथंच तीन हातांवर बसून सगळं ऐकत असायचे, तरी भागूबाई पहिल्यापासून म्हणून दाखवायच्या आणि वर चार शब्द पदरचे घालायच्या. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसायचो.

सहा वर्षांपूर्वी भागूबाई काविळीनं गेल्या आणि मधलं माणूसच राहिलं नाही. माझा नवरा काकासाहेब वाळूजच्या कंपनीत. सकाळी गाडी येते, त्यात बसतो, अंधार पडताना उतरतो. नानांची लेक वेरूळला दिलेली, माझी लेक शहरात नर्सिंगला. दिवसभर घरात मी, नाना आणि कपिला नावाची गाय. मग मी गायीशी बोलायला लागले. "जेवायला वाढलंय म्हणावं." नाना ओट्यावरून उत्तर द्यायचे, "भाकर एकच म्हणावं." म्हणावं लावलं की बोलणं तिसऱ्यालाच सांगितल्यासारखं होतं आणि रीतही मोडत नाही. आमच्या घरातली निम्मी बोलणी त्या कपिलाच्या कानावरून गेली आहेत.

नानांची पंचक्रोशीत ओळख होती ती पेरणीसाठी. पाभरीवर, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या अवजारावर, वाटीसारखं लाकडी चाडं असतं. त्यात मुठीनं बी सोडत चालायचं, ते खालच्या नळ्यांतून जमिनीत पडलेल्या तासात, म्हणजे सरीत पडतं. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर मधे मोकळं राहतं. ज्वारी उगवून आली की बांधावरून जाणारे लोक ओळी बघून सांगायचे, हितं बद्रीनाथाची मूठ होती. ते चाडं नानांच्या आजोबांचं. कुणी उसनं मागितलं तर नाना चाडं द्यायचे नाहीत, चाड्याबरोबर स्वतः जायचे. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तेव्हापासून ते ओसरीच्या खुंटीला टांगलेलं होतं. दर दसऱ्याला नाना ते उतरवून त्याला तेल लावायचे.

दुसरी गोष्ट मोसंबीची. नाना आणि भागूबाईंनी दोन एकर बाग लावली होती, पहिली दोन वर्षं घागरीनं पाणी घालून वाढवली होती. भागूबाई गेल्यावर तीन वर्षांनी विहीर आटली. टँकर आणून बघितले, तरी झाडं वरून वाळत आली. शेवटी तोडावी लागली. तोडणारे आले त्या दिवशी शेवटचं झाड पडेपर्यंत नाना बांधावर उभे राहिले. त्यानंतर त्यांनी रेडिओ लावणं सोडलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. पहाटे चारला उठून ओट्यावर बसलेले असायचे. मी हे सगळं रोज बघत होते. बायको गेली, बाग गेली, वय झालं, माणूस गप्प होणारच, असं मी मनाशी म्हणायची. काकासाहेब तर म्हणायचा, "दादाला कशाचा घोर? एक रुपाया देणं नाय कुणाचं, लेक सुखात हाय." मलाही ते पटायचं.

मग आरोग्य खात्याची पाहणी निघाली. शेतकऱ्यांच्या घरोघरी जायचं आणि प्रत्येक मोठ्या माणसाला मनाबद्दल अकरा प्रश्न विचारायचे. झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, असं करत करत शेवटचा प्रश्न होता, जीव नकोसा वाटतो का, जीव द्यायचा विचार येतो का. तालुक्याला त्याचं प्रशिक्षण झालं. शिकवायला शहरातून शैला मॅडम आल्या होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. शेवटचा प्रश्न वाचल्यावर आम्ही चाळीस बाया एकमेकींकडं बघायला लागलो. मग अर्थात मीच उठले.

"मॅडम, हे असं तोंडावर कसं इचारायचं? ज्याच्या डोक्यात नसंल त्याच्या आपणच घालायचो."

"चतुराबाई, विचारल्यानं विचार येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आधीच आलेला असेल, तर माणसाला तो सांगायला जागा मिळते. आणि फक्त कर्ज आहे का एवढंच बघू नका. हा आजार आहे, तो कारण बघून येत नाही. जपलेली वस्तू कुणाला देऊन टाकली, मागची निरवानिरव सुरू केली, बरेच दिवस गप्प असलेला माणूस एकदम शांत आणि बरा दिसायला लागला, तर थांबू नका. सरळ विचारा आणि एकटं सोडू नका."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

आमच्या गल्लीची पाळी आली तो बाजाराचा दिवस होता. आमच्या भिंतीला भिंत लागून पुंजारामचं घर. पुंजारामला कमी ऐकू येतं, म्हणून मला सगळे प्रश्न ओरडून विचारावे लागले. झोप लागती का, मी ओरडले. लागती, तो ओरडला. शेवटच्या प्रश्नाला मी जीव खाऊन ओरडले तेव्हा तो म्हणाला, "ही घरात असली की व्हय, माहेराला गेली की नाय." त्याची बायको सारजाबाई लाटणं घेऊन आली. आम्ही तिघंही हसून हसून दमलो. मी फॉर्मवर 'नाही' असं लिहिलं आणि बाहेर पडले.

पुढचं घर आमचंच. नाना ओट्यावर बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, मांडी घातलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाजाराला निघाले असतील असं मला वाटलं. पदर पुढं ओढून मी बाजूनं आत गेले, वरणाला फोडणी दिली आणि चुलीपाशी बसून आमच्या घरचे तिन्ही फॉर्म भरून टाकले. माझा, काकासाहेबाचा, नानांचा. घरच्यांना काय विचारायचं, मला सगळं माहीतच होतं. नानांच्या फॉर्मवर झोप लागते, जेवण जातं, शेवटच्या प्रश्नाला नाही. पाच मिनिटांत तीन माणसं झाली. जेवायच्या वेळेपर्यंत नाना तिथंच बसून होते. नंतर बघितलं तर तो सदरा परत दोरीवर टाकलेला. बाजारालाही गेले नाहीत आणि सदरा मात्र वापरून ठेवला, म्हणून मी कपिलाला ऐकू जाईल एवढं पुटपुटले.

यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. एका सकाळी काकासाहेब कंपनीची गाडी यायच्या आधी जेवायला बसला होता. मोठा खुशीत होता.

"दादा मोकळा झालाय बघ," तो म्हणाला. "काल सुट्टी व्हती तर मला शेतात नेलं. पाइपाचे जोड कुठं कुठं पुरलेत ते समदे दाखवले. बांधाच्या खुणा दाखवल्या. कोणत्या कोपऱ्यात पाणी मुरतंय, कोणता तुकडा आधी पेरायचा, लई बोलला. किती वरसांनी असा बोलला गं."

"आजच का दाखवलं?" मी विचारलं.

"आज नाय, काल," तो म्हणाला आणि हात धुवून गेला.

मी भांडी घासत होते पण हात चालत नव्हते. काहीतरी आठवत होतं आणि नीट आठवत नव्हतं. तेवढ्यात सारजाबाई वाटीभर दही घेऊन आली. म्हणाली, "तुमच्या नानांनी सकाळीच आमच्या ह्यास्नी चाडं आणून दिलं की. म्हणले, तुझ्याकडं ठेव, नीट जपशील, आन् तसेच शेताकडं गेले. हे लहान पोरावानी नाचायलेत." मी ओसरीत गेले. खुंटी रिकामी होती आणि तिच्याखाली भिंतीवर चाड्याच्या आकाराचा स्वच्छ गोल राहिला होता.

मग मला वहीतलं पान आठवलं, ओळ न् ओळ. वस्तू देणं, निरवानिरव, एकदम शांत होणं. माझ्याच सुंदर अक्षरातलं.  काकासाहेबाला फोन लावला, पण कामावर त्यांचे फोन जमा करून घेतात. शैला मॅडमना लावला. मी काय बोलले ते मला सांगता येणार नाही, पण त्यांना कळलं. "आत्ता जा," त्या म्हणाल्या, "एखादं माणूस बरोबर घ्या. सरळ विचारा, आणि त्यांना सोडून हलू नका. मी इथं डॉक्टरांशी बोलून ठेवते." सारजाबाईला म्हटलं पुंजारामला घेऊन मागोमाग ये, आणि मी शेताकडं पळत सुटले. चप्पल एका पायात होती की दोन्ही, माहीत नाही. गावातल्या बायका बघत होत्या. बघू देत.

नाना बागेच्या तुकड्यात होते. बाग म्हणजे आता नुसते बुंधे, गुडघ्याएवढे, ओळीनं. त्यातल्या एकावर ते बसले होते आणि समोरच्या जमिनीकडं बघत होते. ते दिसले तेव्हा माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला. पुंजाराम आणि सारजाबाई मागून आले, त्यांना मी हातानंच बांधावर थांबायला सांगितलं.

मी दहा पावलांवर उभी राहिले आणि जीभ सवयीनंच वळली. "घरी चला म्हणावं."

"येतो म्हणावं," नाना जमिनीकडं बघत म्हणाले. "तू हो पुढं म्हणावं."

"झोप लागती का म्हणावं?"

"लागती म्हणावं."

तिथं मधे कपिला नव्हती, कुणी नव्हतं. आणि पुढचा प्रश्न असा होता की त्याला म्हणावं लावताच येत नव्हतं. मी मनात लावून बघितलं आणि मला स्वतःची शिसारी आली. एकोणीस वर्षं मी ज्या रीतीला मान देणं समजत होते, तिच्यातून हे एकच गरजेचं बोलणं होत नव्हतं. मी पुढं गेले आणि त्यांच्या समोरच्या बुंध्यावर बसले. पदर पळतानाच खांद्यावर आला होता, तो तसाच राहू दिला.

"नाना," मी म्हटलं.

ते दचकले. मान वर केली. मी त्यांचे डोळे इतक्या जवळून कधी बघितलेच नव्हते. ते लाल होते आणि थकलेले होते.

"नाना, जीव द्यायचा इचार हाय का तुमच्या मनात?"

 लांब रस्त्यावरून कारखान्यांकडं जाणारे ट्रक ऐकू येत होते. 

"व्हय," ते म्हणाले.

पुढं काय विचारायचं ते मला शिकवलेलं होतं. कधीपासून, ते विचारलं. बाग तोडली तेव्हापासून येतो जातो, म्हणाले, पण ह्या आठवड्यात ठरवूनच टाकलं होतं. कशामुळं, ते विचारलं.

"तेच तर सांगता येईना," नाना म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "खायला हाय. भाऊ लक्ष्मणावानी हाय. काय कमी नाय. तरी सकाळी डोळा उघडला की वाटतंय, आजचा दिस कसा ढकलावा. माणसाला कारण तरी असावं का नाय? कारण नसताना कुणापाशी रडावं?"

"माझ्यापाशी रडा," मी म्हटलं आणि मीच रडायला लागले. शिकवलेलं सगळं तिथंच संपलं.

नाना मला रडू देत बसले. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "त्या दिशी म्या बसलो व्हतो."

"कोणत्या दिशी?"

"तू पुंजारामाला इचारलं त्या दिशी. भिंतीपल्याडून समदं ऐकू येत व्हतं. झोप लागती का, मन लागतंय का. एकेक सवाल माझाच व्हता. शेवटचा तर ऐकला आन् हातपाय गार पडले. म्हणलं आता फुडलं घर आपलं. सरकारी काम हाय, तवा तिला बोलावंच लागंल, रीत आड यायची नाय. सदरा बदलला, टोपी घातली. काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं." ते थांबले. "तू आत गेलीस. कागद वाजत व्हते आतून. म्हणलं लिहून झालं की येईल. जेवायच्या वक्ताला तू वरणाचं सांगितलंस, तवा म्या सदरा काढला."

 माणसं म्हणतात धरणीनं पोटात घ्यावं, तसं वाटलं. गावातल्या दोनशे घरांत मी ओरडून विचारलं होतं. ज्याला सांगायचं होतं तो धुतलेला सदरा घालून माझ्या दारात बसला होता, आणि मी त्याच्या बाजूनं पदर ओढून आत गेले होते. वरून सदरा कशाला मळवला म्हणून कुरकुरले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "लई चुकलं. उठा आता. शहराला जायचंय, डाक्टरकडं. तुम्ही नाय म्हणाला तरी मी हितनं हलत नाय."

"तू बस म्हणलं तरी बसणार, उठ म्हणलं तरी बसणार," नाना म्हणाले. "सुरुवातीपासून तशीच हायस. समदं ऐकू यायचं मला." आणि हात पुढं केला, उठवायला. मी त्यांचा हात धरला. गावानं त्याच्यावर पुढं महिनाभर चघळलं. चतुरा मोठ्या दिरासमोर बसली, डोक्यावर पदर नाही, हातसुद्धा धरला. तीन बायका मला समजवायला आल्या, तिघींना मी चहा पाजून वाटेला लावलं.

त्याच दिवशी पुंजारामच्या पुतण्याच्या जीपनं आम्ही शहरातल्या दवाखान्यात गेलो. शैला मॅडम दारात उभ्या होत्या. काकासाहेब कामावरून तसाच आला, भावाजवळ बसला आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. नानांना सहा दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, औषधं लागू पडायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर सगळ्यांनी लक्ष ठेवायचं. घरातली फवारणीची औषधं पुंजारामच्या कुलपात गेली. वेरूळची लेक पंधरा दिवस येऊन राहिली. चाडं मात्र पुंजाराम परत द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "दिलेली वस्तू घेऊन जायची असंल तर आधी मला मूठ शिकव." परसातल्या वाफ्यात मेथीवर त्यांची शिकवणी चालते. मेथी चाड्यानं पेरत नाहीत, पण दोघांना सांगणार कोण?

मी शैला मॅडमना खरं सांगितलं, की घरचे फॉर्म मी न विचारता भरले होते. त्या रागावल्या नाहीत. नवीन कोरे फॉर्म दिले. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. नानांचे काही दिवस चांगले जातात, काही अजिबात जात नाहीत. मी मात्र नियम धरला. दिवस मावळायच्या आधी चहाचे दोन कप घेऊन ओट्यावर यायचं, समोर बसायचं आणि विचारायचं. आज कसं हाय? तो इचार आला का? कधी म्हणतात, नाय. कधी म्हणतात, आला व्हता दुपारच्याला, गेला. एकदा म्हणाले, हाय अजून, तर त्या संध्याकाळी आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो आणि सकाळी पहिल्या गाडीनं दवाखान्यात गेलो.

परवा लसीकरणाचा दिवस होता. सत्तावीस पोरं, वर दोन भांडणं. घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं. नानांचा चहा ओट्यावर ठेवला आणि तशीच आत जाऊन परात पुढं ओढली. पीठ निम्मं मळून झालं होतं.

"चतुरा," बाहेरून हाक आली.

मला आधी कळलंच नाही कुणी मारली. या घरात माझं नाव त्या आवाजात कधी आलेलंच नव्हतं.

"जी?"

"आज इचारायचं ऱ्हायलं तुझं," नाना म्हणाले.

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर बसले.